मेंढवाडीची शीव

दत्तूचा फोन आला तेव्हा मी तांदूळ निवडत होते. "काकी, आई गेली," एवढंच म्हणाला. दत्तू म्हणजे माझ्या थोरल्या जावेचा, सोनाअक्कांचा मुलगा. मी चपला सरकवून तशीच निघाले. त्यांचं घर आमच्याच गल्लीच्या टोकाला. पोचले तर दारात जमलेली माणसं एकमेकांना सांगत होती, "आज मेंढवाडी गेली." रडू यायच्या आधी माझ्या मनात काय आलं ते सांगूनच टाकते... मी जाईन तेव्हा असं कुणी म्हणणार नाही. म्हणतील, रेखाची आई गेली. याला आता काही आठवडे झाले, पण ते वाक्य अजून टोचतंय.

आज दौंडात उतरून मेंढवाडी विचाराल तर रिक्षावाला तुमच्या तोंडाकडे बघत राहील. पन्नासच्या दशकात मी सून म्हणून आले तेव्हा ते वेगळं गाव होतं. इंजिनाच्या शिट्ट्या ऐकू यायच्या, एवढाच काय तो दौंडशी संबंध. सगळी घरं मेंढरं राखणाऱ्यांची. मी केंदूरची, सातवी पास, आणि त्याचा मला तोरा होता. तो अक्कांनी काहीही न करता उतरवला. त्या मेंढवाडीतच जन्मलेल्या आणि आत्याच्याच घरात दिलेल्या. सासूबाई काही बोलल्या की अक्का समोर आईकडे जाऊन चहा पिऊन यायच्या. मला केंदूरला जायचं तर आधी घरातल्या सगळ्यांची मनधरणी, मग शिक्रापूरला एसटी बदलायची. पाण्याला जावं तर विहीर अक्कांच्या आज्याची. सावलीला बसावं तर लिंब त्यांच्या चुलत्यानं लावलेला. मी धुणं धुवायची तो दगडसुद्धा म्हणे त्यांच्या पणजीनं भीमेवरून आणवलेला. "शालन, दगूड जपून गं," त्या म्हणायच्या, आणि मी धुणं जरा जास्तच जोरात आपटायची.

दिवाळी झाली की पुरुषमाणसं मेंढरं घेऊन कोकणात उतरायची आणि पावसाळ्याच्या तोंडाशी परतायची. परतल्यावर पहिल्या संध्याकाळी मेंढरं गावच्या शिवेच्या आत, ठरलेल्या जागी बसवायची. त्यांच्याभोवती जी जाळी लावतात ती वाघूर. आमच्या घरात वाघुरीचा पहिला खुंटा घरच्या बाईनं ठोकायचा, त्याला हळदकुंकू लावायचं, मगच पुरुषांनी जाळीला हात घालायचा. सासूबाई गेल्यावर हा मान अक्कांचा झाला. खुंटा ठोकायची लाकडी मोगरी उचलून त्या अशा ऐटीत चालायच्या की बघणाऱ्याला वाटावं, बाई गावच रोवायला निघाली आहे. ती मोगरी एकदा तरी माझ्या हातात यावी असं मला फार वाटायचं. देवापुढे मागायच्या गोष्टींत मी तीही मागितली होती.

आणि ती आली! दत्तू झाला त्या वर्षी अक्का बाळंतिणीच्या खाटेवर होत्या. त्यांनीच हाक मारून मोगरी माझ्या हातात दिली. "बाभळीच्या अंगानं जा, उतरणीच्या आधी ठोक," म्हणाल्या. मी नवं लुगडं नेसून निघाले. पण त्याच उन्हाळ्यात रेल्वेच्या नव्या क्वार्टरांसाठी तिकडच्या बाभळी तोडल्या होत्या. एकच उरली होती, शिवेबाहेरची, दौंडच्या बाजूची. मला काय ठाऊक ती दुसरी? मी तिच्या शेजारी खुंटा ठोकला, हळदकुंकू लावलं, जाळी लागली, मेंढरं आत घातली... आणि एक मेंढरू बसेल तर शपथ. उभ्यानंच ओरडत राहिली. शेवटी म्हातारा एडका जाळीत डोकं घालून बाहेर पडला, त्याच्यामागे सगळा कळप, आणि थोडं पुढे, शिवेच्या आत जाऊन नेहमीच्या जागी सगळी शहाण्यासारखी बसली. पुरुषमाणसं पोट धरून हसली. दीर म्हणाले, "वैनी, तुमी ठोकलाय त्यो दौंडात!" घरी आले तर अक्का खाटेवरून म्हणतात, "आगं, त्यांच्या पायाला ठावं हाय. तुला कसं ठावं आसंल?" समजूत घालत होत्या बिचाऱ्या. मला मात्र त्या रात्री जेवण गेलं नाही. माणसं तर माणसं, मेंढरंसुद्धा हिच्याच बाजूची!

साठच्या दशकात दौंड पसरत आमच्या अंगावर आलं. चराई गेली, कळप विकले, घरातली माणसं रेल्वेत लागली. विहीर बुजली, लिंबाच्या जागी खांब आला, आणि मेंढवाडीचा वॉर्ड झाला. अक्का विहिरीच्या जागेवर उभ्या राहून पदरात तोंड घालून रडल्या. आणि मी? खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. आता दोघी सारख्या, आता हिलाही गाव नाही! पण कसलं काय. गाव जमिनीवर होतं तोवर निदान सगळ्यांचं होतं. गेल्यावर ते एकट्या अक्कांचं झालं. कुणी पाहुणा येवो, कुणाच्या घरी नवी सून येवो, अक्का त्याला हाताला धरून गल्लीगल्लीतून फिरवायच्या. हितं तुझ्या आज्याची चूल, हितं घोड्या बांधायचो. याला त्या 'गाव सांगणं' म्हणायच्या. माझी पोटची रेखासुद्धा शाळेतून आली की दप्तर टाकून, "मोठी आई, गाव सांगा ना," म्हणत तिकडेच पळायची. मी एकदाही त्यांच्या मागून गेले नाही. चुलीपाशी बसून राहायची आणि भाकरी करपायची.

तेराव्याला माणसं पांगल्यावर रेखानं विचारलं, "आई, मोठी आई गाव सांगायला सुरुवात कुठून करायच्या, माहीत आहे का तुला?" म्हटलं, असेल त्यांच्या आज्याच्या विहिरीपासून. रेखा हसली. मला पिठाच्या गिरणीच्या कोपऱ्यावर घेऊन गेली आणि अक्कांच्या आवाजात म्हणाली, "हितं माझ्या जावंनं खुंटा ठोकला, आन् मेंढरं उठून फुडं गेली. म्हंजी हितवर गाव न्हाई. हितनं फुडं मेंढवाडी." इतकी वर्षं येणाऱ्याजाणाऱ्याला पहिलं नाव माझं सांगितलं, आणि मला ठेवलं कुठं, तर शिवेच्या बाहेर! रागावू की रडू ते कळेना. दोन्ही केलं.

ती मोगरी दत्तूनं मला दिलीय. माझ्या दाराच्या मागे उभी असते. परवा दळण आणायला गिरणीवर गेले होते, तिथं एका नव्या भाडेकरणीनं विचारलं, "आजी, सगळे मेंढवाडी मेंढवाडी म्हणतात, ती होती कुठं हो?" आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी मला विचारत होतं. मनाशी म्हटलं, आता सांगणारी मी. शीव चांगली रस्त्यापलीकडे सरकवते, माझा खुंटा गावाच्या मधोमध घेते, कोण येतंय अडवायला? डबा खाली ठेवला, पदर नीट केला, तिचा हात धरला आणि तोंड उघडलं...

"हितवर गाव न्हाई," मी म्हणाले. "हितनं फुडं."

एवढं तरी मला माझ्या मनासारखं सांगू द्यायचं होतं ना, अक्का!