करंगळी कुणी खाल्ली?

तुम्ही कधी माणसाचा हात खाल्लाय का? नाक मुरडू नका. ज्या घरात तो वाढला गेला, तिथंही आधी सगळ्यांनी असंच नाक मुरडलं आणि मग ताटल्या पुढे केल्या.

हात केला होता ठिणगीबाईनं. घरोघरी जाऊन मेजवान्यांचा स्वयंपाक करणारी बाई. नवरा गेल्यापासून याच कामावर घर ओढलेलं, आणि तोंड असं, की मिठावरून कुणी बोललं तर पळी खाली ठेवून आधी त्याचाच समाचार घ्यायची.

त्या घरात आजोबांचा वाढदिवस होता. नातवंडांना भुताटकीची पार्टी हवी होती आणि आजोबांच्या तोंडात दात नव्हते. म्हणून मालकीणबाईंनी फर्मान काढलं, "खिम्याचा तुटका हात करा. मऊ करा हं, बाबा चावत नाहीत, गिळतात."

ठिणगीबाईनं स्वतःचा डावा पंजा ट्रेवर ठेवून माप घेतलं. खिम्यात भिजवलेला पाव आणि अंडं मळून बोटं वळली, आपली वाकडी करंगळीसुद्धा हुबेहूब. कांद्याच्या पाकळ्यांची नखं लावली. भाजून झाल्यावर मनगटात मुळ्याचं हाड खोचलं.

"वहिनी, हा तर तुमचाच की!" मदतीला आलेली नणंद दचकली.

"मग काय! इतकी वर्षं माझ्या हातचं खाल्लं, आज हातच खाऊ देत."

हॉलचे पडदे ओढले गेले. हात बाहेर गेला. टाळ्या पडल्या. इकडे नणंद खिम्याचं यंत्र धुवायला बसली.

"वहिनी, या पात्याला चार टोकं होती ना?"

"होती. का गं?"

"एक अर्धंच राहिलंय."

सकाळी दळताना कडकन आवाज झाला होता. ठिणगीबाईनं ऐकला होता. हाडाचा कण असेल म्हणत दांडा फिरवत राहिली. एरवी दळून झालं की पातं उघडून बघितल्याशिवाय खिम्याला हात लावायची नाही. आज बोटं वळायच्या नादात राहून गेलं.

पातं मुठीत घेऊन ती तशीच धावली. अंगावर टोमॅटोचे लाल डाग.

"खाऊ नका! आत लोखंड आहे!"

अख्खा हॉल खदाखदा हसला. घरच्या जावयानं मोबाइल वर धरला. "मावशी, कमाल! परत एकदा, जरा इकडं तोंड करून!"

"अहो, खरंच सांगतेय! पातं तुटलंय! थुंका, मेल्यांनो!"

जितकी ओरडली तितक्या टाळ्या वाढल्या. पोरं तिला लाडानं अडवत होती, भूत आलं, भूत आलं म्हणत. मालकीणबाई कौतुकानं मान डोलवत होत्या. आणि पलीकडे आजोबांच्या चमच्यात अख्खा अंगठा होता. मानाचा. तोंड उघडलेलं.

ती नुसती त्यांच्याकडे बघत राहिली.

आजोबांना ऐकू कमी यायचं. तिचं ओरडणं त्यांच्यापर्यंत पोचलंच नव्हतं. चेहरा तेवढा दिसला. त्यांनी चमचा खाली ठेवला, अंगठा दाबून फोडला. नखाच्या पाकळीखाली काहीतरी चमकलं.

"हेही घातलंत? भारीच!" जावयानं फोटो काढला.

"पडदे उघडा," आजोबा म्हणाले.

उजेड आला तशी मालकीणबाईंची मान डोलायची थांबली. "नीट सांगायचं ना मग!"

एरवी ठिणगीबाईनं या वाक्याची पार सालं काढली असती. आज अंगठ्यातला तुकडा पुसून तिनं पात्याला लावून बघितला. जुळला, पण मधे तांदळाच्या दाण्याएवढी फट राहिली.

तिनं ट्रेकडे पाहिलं. तीन बोटं शाबूत, करंगळीची जागा रिकामी.

"करंगळी कुणी खाल्ली?"

जावयाचा मोबाइल हळूहळू खाली आला.

तेव्हा एवढं करा. तुमच्या स्वयंपाकघरातून कुणी ओरडत बाहेर आलं, तर आधी घास खाली ठेवा. हसायचं असेल तर मागाहून हसा.