पातेल्यांवरची नावं

“म्याडम, तुमना घरना भांडासवर कोनं नाव शे?”

सुमनअक्कांनी कोर्टाच्या व्हरांड्यात हे विचारलं तेव्हा मी डबा खात होते. डब्याच्या झाकणावर माझ्या मामाचं नाव होतं. मी झाकण उलटं ठेवलं.

मी जळगाव जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या कोर्टात सरकारी वकील आहे. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. आमच्या घरातून ती मीच पहिल्यांदा चढले, आणि तीही पगारावर. आईवडील अजून सगळ्यांना सांगतात.

अक्कांच्या वस्तीतल्या विहाराची खोली फोडून लग्नकार्याची भांडी चोरीला गेली होती. पोलिसांनी ती भंगारवाल्याकडून जप्त केली. जप्त मालाला आम्ही मुद्देमाल म्हणतो. तो पोलीस ठाण्यात पडून होता आणि रविवारी वस्तीतल्या एका नर्स मुलीचं लग्न होतं. तिला आईबाप नाहीत. पंगत वस्तीच करणार होती.

अक्का फिर्यादी. भांडी परत मिळावीत म्हणून त्यांनी अर्ज केला. अशा अर्जावर सरकारी वकिलाचं म्हणणं मागवतात, त्याला ‘से’ म्हणतात. पोलिसांच्या अहवालात होतं, प्रत्येक भांड्यावर वेगळं नाव, अर्जदाराचं एकावरही नाही. मी तेच उतरवून ‘मालकी सिद्ध होत नाही’ असा से सकाळीच देऊन टाकला होता. अक्कांना काही विचारलं नव्हतं. आमच्याकडे खटला ‘राज्य विरुद्ध आरोपी’ असा असतो. ज्याचं चोरीला गेलं त्याचं नाव फाइलवर ठळक कुठेच नसतं. त्याने साक्षीला बोलावलं की यायचं, एवढंच आम्ही धरून चालतो.

“मग ही नावं कुणाची, अक्का?”

“सगळी आमना गल्लीनी. पोऱ्या पास झाया, एक परात. नोकरी लागनी, एक पातेलं. समाजले द्यावानं. ज्यानं दिधं त्यानं नाव.”

“हे पोलिसांना सांगितलं का?”

“कोनी इचारं?”

मीही विचारलं नव्हतं.

दुपारी अर्ज सुनावणीला निघाला. “सर, मला से मागे घ्यायचा आहे. फिर्यादीचं ऐकावं,” मी म्हणाले.

“लेखी द्या,” न्यायाधीश म्हणाले. मी उभ्या उभ्या लिहून दिलं. त्यांनी भांड्यांची यादी हातात घेतली.

“परात. नाव राजू.”

“मना पोऱ्या, साहेब,” मागच्या बाकावरून एक बाई म्हणाली. “दहावी. तिसऱ्या दमात.”

स्टेनोसुद्धा हसली.

“मोठं पातेलं. नाव शांताबाई.”

“शांताबाई गयी, साहेब,” अक्का म्हणाल्या. “तिनी पोर नर्स झायी तवय दिधं. त्याच पोरनं लगीन शे.”

न्यायाधीशांनी यादी खाली ठेवली. आरोपीचे वकील उठले. “आमची हरकत नाही, सर. भांडी आमची नाहीतच.”

आदेश झाला. फोटो काढावेत, भांडी सुपूर्दनाम्यावर द्यावीत. म्हणजे बोलावलं की आणून दाखवू, असं लिहून द्यायचं. तोवर वस्तूत कोणताही बदल करायचा नाही.

अक्कांनी हात वर केला. “मग घासाना का नही?”

न्यायाधीशांनी स्टेनोला सांगितलं, “घ्या. घासण्यास हरकत नाही.”

रविवारी पंगतीला वरण-बट्टी होती, वरण शांताबाईंच्या पातेल्यात शिजलं. मला आमंत्रण होतं, पण खटला चालू असल्याने मी गेले नाही. नियमाने ते बरोबर होतं. बट्टीच्या दृष्टीने चूक.

आता से लिहिण्याआधी मी फिर्यादीला फोन करते. पाच मिनिटं लागतात. से मागे घेण्याचा अर्ज लिहायला त्याहून जास्त लागतात.