नवरीपेक्षा कमी पांढरं

"पांढऱ्या कपड्यांत मी दाराशी उभा राहिलो, की आतलं बोलणं थांबतं."

मामा हे एकदा जेवता जेवता म्हणाले होते, मीठ मागावं इतक्या सहज. मामीच्या भावाने त्यांना विचारलं होतं, भाऊजी, तुम्ही कधी पांढरा शर्ट का घालत नाही, तुमच्या वर्णाला शोभेल. त्यावर हे उत्तर. मामीच्या भावाने मान खाली घालून जेवण संपवलं आणि पुन्हा तो विषय काढला नाही.

मामा रुग्णालयाची शववाहिनी चालवायचे. पांढरी पँट, पांढरा शर्ट, काळे बूट. हे कपडे न्हाणीघराच्या दारामागे वेगळ्या खिळ्याला टांगलेले असत, घरातल्या कुठल्याच कपड्याला न टेकता. बाकी मामांच्या अंगावर पांढऱ्याचा ठिपका सापडला नसता. रुमाल तपकिरी, पायमोजे निळे, बनियनसुद्धा राखाडी. सगळी गल्ली त्यांना मामा म्हणायची आणि म्हणून त्यांच्या बायकोला मामी, पण लग्नाकार्याचं बोलावणं देताना गल्लीचा आवाज जरा खाली यायचा. "मामा, जमलं तर या हं." त्या 'जमलं तर'चा अर्थ मामा बरोबर ओळखायचे. गेलेच तर चॉकलेटी शर्ट घालायचे, शेवटच्या रांगेत बसायचे आणि हात धुऊन झाले की निघायचे. मामीला कुणाचा राग येत नसे. ज्याच्या दारी ही गाडी येऊन गेली, त्याला मामांकडे पाहिलं की तो दिवस आठवणारच. त्यात त्याचा काय दोष, आणि यांचा तरी काय.

म्हणून भाचीचा फोन आला तेव्हा मामी गोंधळली.

भाची म्हणजे मामांच्या धाकट्या बहिणीची मुलगी. तिने फोनवर आधी मामीची चौकशी केली, मग गुडघ्यांची, मग म्हणाली, "मामाला दे. नाहीतर राहू दे, दोघंही ऐका. लग्नात मला दारापासून स्टेजपर्यंत मामाने आणायचं."

मामा म्हणाले, "अगं, तुझा काका आहे ना?"

"आहे. पण बाबांना नेलं त्या दिवशी काकाने मला गाडीत मागे बाबांजवळ बसू दिलं नव्हतं आणि घरीही थांबू दिलं नव्हतं. तू मला पुढे तुझ्या शेजारी बसवलंस. डावीकडचा आरसा तू बघ म्हणालास, मागून कुणी आलं तर मला सांग. सगळे रडत होते आणि मला काम होतं. मला तूच पाहिजेस."

मामांनी फोन जवळ ओढला. मामीला वाटलं आता हो म्हणतील. पण भाची पुढे म्हणाली, "आणि हो, सगळ्यांनी पांढऱ्यात यायचंय."

"कशात?"

"पांढऱ्यात. थीम आहे. माझ्या नणंदेची आयडिया. फोटो छान येतात, मामा."

फोन ठेवला. मामीच्या डोक्यात एकच भुंगा. पोरीने मान दिला की थट्टा केली? थट्टा करणारी पोर नव्हे ती. पण मान द्यायचा तर यांना नेमका तोच रंग कसा सांगितला? की तिच्या लक्षातच आलं नाही? आणि लक्षात आलं नसेल तर ते चांगलं की वाईट? मामा एवढंच म्हणाले, "ती आरसा खरंच बघत होती. एकदाही डोळा हलवला नाही." आणि उठून कोपऱ्यातल्या झाडाला पाणी घालायला गेले.

दोन दिवसांनी भाचीने आणखी एक गोष्ट कळवली. पांढरं म्हणजे अगदी पांढरं नाही. अगदी पांढऱ्यात फक्त नवरी. बाकीच्यांनी तिच्यापेक्षा कमी पांढरं घालायचं.

"किती कमी?" मामीने विचारलं.

"आयव्हरी, मामी. क्रीमच्या जवळपास."

"जवळपास म्हणजे अलीकडे की पलीकडे?"

भाची हसली. मामी हसली नाही. तिला खरंच कळलं नव्हतं.

कापडाच्या दुकानात विक्रेत्याने टेबलावर तागे अंथरले. सगळे पांढरे. "हा पर्ल, हा आयव्हरी, हा शॅम्पेन, आणि हा एगशेल," तो म्हणाला.

"म्हणजे?"

"अंड्याचं टरफल, काकू."

"नवरीच्या मामाने टरफल घालून जायचं?" मामी म्हणाली. "अहो, तुम्ही तरी बोला."

मामा प्रत्येक ताग्यावर तळहात ठेवून बघत होते, रंग हाताला कळावा तसा. "मला यातला एकच पांढरा ओळखता येतो," ते म्हणाले, "तो यात नाही." विक्रेत्याला ते कौतुक वाटलं. त्याने आयव्हरी कापून दिलं.

शिंप्याने शर्ट-पँट छान शिवली. मामांनी घालून पाहिली आणि आरशासमोर अवघडून उभे राहिले. हात कुठे ठेवायचे ते त्यांना कळेना. "दुसऱ्याचे कपडे घातल्यासारखं वाटतंय," म्हणाले, पण खूश होते. मामीला ते दिसत होतं. मळकट दुधासारखा तो रंग त्यांना शोभत होता, आणि मुख्य म्हणजे तो रंग कुठल्याच दाराशी उभा राहिलेला नव्हता.

लग्नाच्या आदल्या दिवशी घरात माणसांची ये-जा होती. मामीची नजर शर्टच्या कॉलरपाशी शिंप्याच्या खडूवर गेली. नवा कपडा पाण्यातून काढल्याशिवाय अंगावर घालायचा नाही, हा तिचा शिरस्ता. तिने तो कपडा घेतला, दारामागच्या खिळ्यावरचा कामाच्या कपड्यांचा दुसरा जोड घेतला, आणि समोरच्या नर्सबाईंशी बोलत बोलत बादली भरली. तिच्या हातांना मामांचे कपडे धुणं माहीत होतं. आधी ब्लीचचं पाणी, त्यात बुडवून ठेवायचं, मग खळखळून धुवायचं, मग नीळ, मग खळ. रडणाऱ्या घरात निदान यांचा शर्ट तरी स्वच्छ दिसावा म्हणून तिने ही रीत बसवली होती. वॉर्डबॉय गमतीने म्हणायचे, मामा, तुमच्या शर्टाला गॉगल लावून बघावं लागतं. तिला त्याचा अभिमान होता.

पिळताना तिच्या हातात दोन शर्ट होते आणि दोन्ही सारखेच.

तिने ते गच्चीवर नेऊन उजेडात धरले. सावलीमुळे असेल म्हणून गच्चीच्या दुसऱ्या टोकाला नेले. तिथे तर ते जास्तच झळकले. नर्सबाई म्हणाल्या, "चहाच्या पाण्यात बुडवा. माझी आजी करायची." दोघींनी आधी त्याच कापडाच्या उरलेल्या तुकड्यावर करून पाहिलं. तुकडा डाग डाग होऊन निघाला.

"हे आमच्या वॉर्डातल्या चादरीसारखं दिसतंय," नर्सबाई म्हणाल्या. "नका करू."

मामा कामावरून आले तेव्हा मामी दोरीखाली बसली होती. तिने सांगितलं. सांगताना रडू येईल असं वाटलं होतं, पण आलं नाही. मामांनी वाळत घातलेले दोन्ही शर्ट पाहिले. त्यातला कुठला लग्नाचा ते त्यांनी विचारलं. मामीने बटणांवरून ओळखून दाखवला.

"हेच बरं," मामा म्हणाले. "हे मला घालता येतं."

चिडून म्हणाले की समजूत घालत होते, मामीला उमगलं नाही. संसार इतका झाला तरी कधी कधी त्यांचा आवाज एकाच पट्टीत सगळं बोलायचा.

दुसऱ्या दिवशी हॉलच्या पायऱ्यांवर मामी थबकली. आत शेकडो माणसं पांढरी. सायीची पांढरी, राखेची पांढरी, जुन्या कागदाची पांढरी. सगळे हळू आवाजात बोलत होते, कुणीतरी फुलांचे हार आत नेत होतं. मामीला क्षणभर वाटलं, सगळे जमलेत, गाडीही आलीये, फक्त गेलंय कोण तेच कुणी सांगत नाहीये. तिने स्वतःच्या फिकट पदराला गच्च धरलं. मामा सरळ चालत होते. त्यांचा शर्ट त्या गर्दीत ट्यूबलाइटसारखा दिसत होता. पायऱ्यांवरच्या एका गृहस्थाने त्यांच्याकडे पाहिलं आणि बोलता बोलता गप्प झाला.

नवरीच्या खोलीत भाची आरशासमोर बसली होती. मामांची बहीण तिच्या केसांत पिना खोचत होती. कानात यंत्र घातलेली एक मुलगी, सगळ्या कार्यक्रमाची मॅनेजर, दाराशीच होती. तिने मामांना वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"सर, तुम्हाला आयव्हरी कळवलं होतं ना?"

"हे आयव्हरीच आहे," मामी म्हणाली. "म्हणजे होतं. मी धुतलं."

"धुतलं?"

"आम्ही असंच धुतो."

मॅनेजर मुलीने हातातली यादी मिटली. ती बहिणीकडे वळली. "मॅडम, हे दोघं शेजारी चालले तर फोटोत नवरीचा ड्रेस पिवळा दिसेल. मुलाकडच्यांनी स्पष्ट सांगितलंय. दुसरं कुणी आहे का तयार?"

भाचीचा काका खुर्चीवरून उठलाच. त्याचा कोट अगदी सांगितला तसा, ना अलीकडे ना पलीकडे. बहीण मामांकडे बघत होती, पण चेहऱ्याकडे नाही, शर्टाकडे. तिच्या हातातली पिन तशीच राहिली.

"दादा," ती हळूच म्हणाली, "तू पाहुण्यांत बस ना. ड्रेसचं नाही रे. तू हे घालून दारात आलास आणि मला... आज नको दादा. तिचे काका आणतील तिला."

"आई, असं काय करतेस," भाची म्हणाली. ती उठून उभी राहिली होती. तिनेही मामांना आत्ताच नीट पाहिलं. तिने शर्टाकडे पाहिलं, आईकडे पाहिलं, पुन्हा शर्टाकडे. मामीला तिच्या तोंडावरून काही वाचता येईना. तिला तो दिवस दिसत होता की आरसा दिसत होता, की नुसता पिवळा पडलेला फोटो?

बाहेर वाद्यं सुरू झाली. मॅनेजर मुलगी कानातल्या यंत्राला म्हणाली, "एक मिनिट, एक मिनिट."

मामीला ओरडावंसं वाटलं, की बादली माझी, ब्लीच माझं, यांना काही बोलू नका. पण कुणी मामांना काही बोलतच नव्हतं. त्यामुळे तिलाही बोलायला जागा सापडेना.

मामांनी दोन्ही हात पाठीमागे बांधले. "घरातलं कोण सांगणार?" त्यांनी विचारलं.

हा प्रश्न ते प्रत्येक दाराशी विचारायचे. एक म्हणतो आत्ता न्या, दुसरा म्हणतो थोरला येऊ दे. म्हणून घरातला एक आवाज ठरवून घ्यायचा आणि तो म्हणेल तसं करायचं. मामीने हे त्यांच्या तोंडून ऐकलं होतं. घरच्या माणसांच्या खोलीत त्यांनी तो विचारलेला मात्र ती पहिल्यांदाच ऐकत होती, आणि त्यांच्या स्वतःच्या बहिणीचं घर त्यांच्यासाठी कधीपासून कुणातरी दुसऱ्याचं झालं, हे तिला कळेना.

"मी सांगते ना, दादा," बहीण म्हणाली.

"मी," भाची त्याच वेळी म्हणाली. "लग्न माझं आहे."

"मग सांग ना त्याला. काय सांगतेस?"

भाचीने तोंड उघडलं. हात थोडा पुढे केला, मामांच्या बाहीपर्यंत, आणि बोटं कापडाच्या जरा अलीकडेच थांबली. आई तिच्याकडे बघतेय, काका कोटाची बटणं लावतोय, मॅनेजर मुलगी घड्याळ बघतेय.

एका घरातून दोन आवाज आले, की मामा कुणाचीच बाजू घेत नसत. गाडीपाशी जाऊन उभे राहायचे. आतल्यांचं ठरलं की आतले बोलावतात. मामीला हे माहीत होतं, आणि तरी तिला वाटलं की आज ते थांबतील, आज एकदा तरी स्वतःचं म्हणून काही मागतील.

मामांनी भाचीचा अर्ध्यावर राहिलेला हात पाहिला. बहिणीच्या हातातली पिन खाली पडली होती, ती वाकून उचलली, तिला परत दिली. मग वळले, दार उघडलं, आणि गाडीपाशी उभं राहायला जातात तसे बाहेर गेले.