काटा तीसवर

मी सातवीतच शाळा सोडली, पण वजन मला कळायचं. उल्हासनगरच्या धान्याच्या गोदामात गोण उचलली की तीसची की पन्नासची, हे मी शिक्का न बघता सांगायचो. खांद्याला ते समजायचं. पायाला समजत नाही, हे नडगी मोडल्यावर कळलं.

बदलापुरात, मांजर्लीच्या मैदानावर कबड्डी खेळताना चढाईत पाय अडकला. ऑपरेशन करून रॉड घातला. पुढे अंबरनाथच्या फिजिओथेरपीच्या मॅडम म्हणाल्या, "आता पायावर भार द्यायचा. पण वीसच किलो. वीस म्हणजे किती, ते पायाला शिकवू." त्यांनी वजनकाटा जमिनीवर ठेवला, शेजारी तेवढ्याच उंचीची फळी. चांगला पाय फळीवर, मोडका काट्यावर, बगलेत कुबड्या. टाच दाबली. काटा बारावर गेला आणि मला घाम फुटला.

"मॅडम, रॉड वाकणार नाही ना?"

"आल्यापासून तेच विचारताय. नाही वाकणार. माझ्याकडे नको, काट्याकडे बघा."

घरी सरावाला काटा दिला तो आमच्या सिंधी घरमालकिणीनं. तिला सगळेच अम्मा म्हणतात, आणि ती सगळ्यांना पुट, म्हणजे बेटा. "ले जा पुट," ती म्हणाली, "मैं चढती हूँ तो ये रोता है." मी पडल्यापासून माझा डबा तिच्याच घरून येत होता. तिचे उपकार कसे फेडायचे, हे मला अजून सुचलेलं नाही.

पण मला घाई होती. चैत्रात माणदेशातल्या आमच्या गावची जत्रा. पालखीच्या दांडीची मागची डावी जागा आमच्या घराची. आधी आजोबा, मग माझे वडील, आबा; आबांचा खांदा दुखायला लागला तसा मी. वर्षभर परक्या गावात गोणी वाहताना मला तेवढं एकच ओझं आठवायचं. तिथं उभं राहिलो की वाटायचं, आपण घरी आलो.

आबांनी फोनवर विचारलं, "येतोस न्हवं?"

"येतो की," म्हणालो. आणि दुसऱ्या दिवशी अम्माची पंचवीस किलो तांदळाची गोण खांद्यावर घेऊन खोलीत उभा राहिलो. पालखीला खांदा द्यायचा तर ओझं घेऊनच पाय तयार होणार, हे आमचं हमालाचं गणित. संध्याकाळपर्यंत पाय भोपळ्यासारखा सुजला.

मॅडमनी एक्स-रे काढायला लावला. रॉड जागेवर होता. "खांद्याचे पैलवान आहात," त्या म्हणाल्या, "पण पायाला विचारलंत का?" रागावल्या, तरी त्या दिवशी स्वतः खाली बसून त्यांनी बर्फ लावला. सूज उतरेपर्यंत भार बंद, मग पुन्हा वीसपासून. जत्रा हातची गेली.

"आबा, न्हाई जमत."

ते म्हणाले, "तुजं उपरणं हाय घरात. बांधतो."

आमच्याकडे खांदेकरी येऊ शकला नाही, तर त्याच्या जागी दांडीला त्याचं उपरणं बांधतात. शेजारचे गडी भार वाटून घेतात, पण त्या जागेत दुसरं कुणी शिरत नाही.

जत्रेच्या सकाळी चुलतभावानं व्हिडिओ कॉल लावला. माझी व्यायामाचीच वेळ होती. मी काट्यावर उभा, मोबाइल समोर खिडकीत. तोवर तीस किलोची परवानगी मिळाली होती. तिकडं हलगी कडाडली, पालखी उठली, आणि माझी टाच आपोआप खाली दाबली गेली. छत्तीस. चाळीस.

अम्मा डबा घेऊन दारात उभी होती. "मॅडमने कितना बोला?"

"तीस."

"तो फिर?"

मी कुबड्यांवर जोर घेतला. पडद्यावर माझं उपरणं हलत चाललं होतं. त्याच्याखाली एका माणसापुरती जागा मोकळी होती, आणि आबा तिच्या बाजूनं अनवाणी चालत होते. ते दिसेनासे होईपर्यंत मी काटा तीसवर धरून ठेवला.