फुकटच्या कोर्सची स्पायरल कॉपी

अमरावतीला क्लासच्या गल्लीत एक झेरॉक्सवाला आहे. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. प्रोग्रामिंग शिकवणारे कोर्स इंटरनेटवर फुकट मिळतात. चालवून बघायला टूलंही फुकट. पण आम्ही दर्यापूरहून येणारे भावी सॉफ्टवेअर इंजिनिअर कोर्स त्याच्याकडून छापून, स्पायरल बाइंडिंग करून घेतो. जाडजूड कॉपी पाठीवरच्या बॅगेत पडली की निम्मं शिकून झाल्याचं समाधान मिळतं.

परवा मी तिसरा कोर्स छापायला दिला. त्यानं बोटाला थुंकी लावून कागद सुटे केले आणि फळीकडे मान वळवली.

"तुमचा पयला कोर्स दिवाळीपासून तिथंच पडून आहे. नेला काहून नाई?"

"टाइमच नाई भेटला भाऊ. अभ्यास लय होता."

"मले भेटला," तो म्हणाला आणि त्यानं कॉम्प्युटर माझ्याकडे वळवला. कोणाची छपाई झाली, कोणाची राहिली, हे दाखवणारा छोटासा प्रोग्राम त्यानं स्वतः लिहिला होता. माझी कॉपी वाचून.

प्रोग्राम चांगला चालत होता. 'न नेलेल्या कॉपी' या यादीत पहिलं नाव माझंच होतं.