बाबांच्या इअरबड्सचा रिव्ह्यू

शनिवारी सकाळी माझा उजवा इअरबड मोरीत पडला. थेट भरलेल्या बादलीत... संपला विषय. सोमवारी ऑफिसचे कॉल आणि हातात उरला एकटा डावा.

आई म्हणाली, "नवीन कशाक? ह्यांचे आसत मां शोकेसात, चलतत काय बघ." बाबांना जाऊन सात महिने झाले. त्यांच्या वस्तूंना मी अजून हात लावला नव्हता.

तुमच्यापैकी काहींना आठवत असेल... गेल्या वर्षी मी इथेच विचारलं होतं, हजाराच्या आत, वयस्कर माणसाला रोज वापरायला कुठले इअरबड्स चांगले? केवढ्या कमेंट्स! कुणी म्हणालं बॅटरी बघ, कुणी म्हणालं कानातून पडत नाहीत ना ते बघ. आठवडाभर रिव्ह्यू वाचून, दादरची तीन दुकानं पालथी घालून मी घेतले एकदाचे. "वापरून सांगते" असंही लिहिलं होतं. ते राहूनच गेलं. आज सांगते.

आमची लालबागची खोली दहा बाय बाराची. एका भिंतीला टीव्ही, समोरच्या भिंतीला चिकटून माझं वर्क फ्रॉम होमचं टेबल. बाबा मिलमध्ये साचाखात्यात होते... मागांच्या खडखडाटात आयुष्यभर कापड विणलं, त्यात कान अर्धे गेले. त्यामुळे टीव्हीचा आवाज इतका, की मालिकेत कोण कुणाला विष घालतंय ते कॉलवरच्या माझ्या साहेबालाही कळावं. रोज संध्याकाळी माझी आणि बाबांची जुंपायची.

म्हणून ते इअरबड्स. टीव्हीला जोडून दिले आणि एका दमात सांगितलं, "हे कानात घालायचे, झालं की डबीत ठेवायचे, डबीत आपोआप चार्ज होतात." आणि बसले कॉलवर.

दुसऱ्या दिवशी बाबा डबी घेऊन आले, माझ्या खांद्याला हात लावला. काहीतरी विचारायचं होतं. मी स्वतःला म्यूट केलं आणि खेकसले, "बाबा, किती वेळा सांगायचं? लहान आहात का तुम्ही?"

"बरां, बरां..." म्हणाले आणि खुर्चीत जाऊन बसले.

त्यानंतर घर एकदम शांत. बाबा रोज कानात बड्स घालून मालिका बघायचे, मध्येच हसायचे. मी तर मैत्रिणींना सांगत सुटले होते, घ्या गं, पैसा वसूल!

एकच गंमत व्हायची. रात्री जेवताना ते आईला मालिकेची गोष्ट सांगायचे आणि भलतंच सांगायचे. मेलेल्या सासऱ्याला जिवंत करायचे, नणंदेला सून करायचे. मी हसून हसून बेजार. बाबा चिडून म्हणायचे, "हल्ली सगळी पाठ करून बोलतत... काय कळात माणसाक?"

तर शनिवारी मी बाबांचा बॉक्स उघडला. आत चार्जिंगची केबल होती... सीलबंद पाकिटात. पाकीट फोडलेलंच नव्हतं.

"आई, बाबा हे चार्ज कशाने करायचे गं?"

आई मेथी निवडत होती.

"चवथ्याच दिवशी बंद पडले ते. मी म्हटलंय, तिका विचारा. तर म्हणाले, नको, तिका कामाचा टेन्शन असता... हौसेन आणल्यान ता, तूंय काय सांगा नको. मग रिमोटान आवाज बंद करून बसायचे."

डबीत बड्स चार्ज होतात, पण डबीलाही चार्ज करावं लागतं... हे मी सांगितलंच नव्हतं. कप्पाळ माझं!

पाच महिने बाबा मुका टीव्ही बघत होते. ओठ वाचून. साचाखात्यात कुणालाच काही ऐकू यायचं नाही, त्यामुळे तिथली सगळी माणसं ओठांवरून बोलायची. लहानपणी मी बघितलंय, बाबा गॅलरीत उभे राहून रस्त्यापलीकडच्या चाळीतल्या तावडेकाकांशी अर्धा अर्धा तास गप्पा मारायचे, तोंडातून आवाज न काढता. आम्हा पोरांना काय मजा वाटायची! आणि तेच मला घरात, दहा फुटांवर कळलं नाही.

मालिकेतली माणसं पाठ फिरवून बोलली की बाबांची गोष्ट तिथेच चुकायची.

पाठ तर मीही फिरवूनच बसायचे. टेबल भिंतीकडे ना... "बाबा, गोळी घेतलीत का?" "बाबा, चहा हवाय?" सगळं लॅपटॉपकडे बघत. उत्तर आलं नाही की वाटायचं, कानात बड्स आहेत, रमलेत मालिकेत. बरंय.

मी केबलचं पाकीट फोडलं. डबीवर लाल दिवा लागला. तासाभराने टीव्ही लावला, बड्स कानात घातले... काहीही बिघाड नव्हता. सगळं ऐकू येत होतं.

आईने विचारलं, "इलो काय आवाज?"

"आला," मी म्हटलं. मग खूप रडले. आईही रडली.

तर रिव्ह्यू असा. आवाज स्वच्छ, बॅटरी छान, कानात नीट बसतात, हजाराच्या आत यापेक्षा चांगले मला तरी माहीत नाहीत. घरातल्या म्हाताऱ्या माणसासाठी घेणार असाल तर जरूर घ्या. फक्त त्यांच्या समोर बसा आणि तोंडाकडे बघून, सावकाश सांगा. चार दिवसांनी पुन्हा विचारा. पाच मिनिटांचं काम आहे... माझ्याकडे ती नव्हती.

रविवारी टेबल फिरवून घेतलं. आता माझं तोंड खोलीकडे असतं, आई दिसते. समोर बाबांची खुर्ची येते.

काल कॉल सुरू व्हायच्या आधी त्या खुर्चीकडे बघून म्हटलं, "चुकले बाबा." आवाज नाही काढला, नुसते ओठ हलवले.