झांजवाल्याची पाळी

पडदा वर गेला. मंचावर साठ वादक सज्ज होते, समोर तीनशे मुलांची चुळबुळ चालली होती. छडीवाले संचालक एकेका वाद्याची ओळख करून देऊ लागले. सगळ्यात मागे झांजवाले आजोबा सारखे घड्याळ बघत होते. दरवेळी त्यांची पाळी येण्याआधीच वेळ संपायचा. आज तर तिसऱ्या रांगेत नात बसली होती.

व्हायोलिन झालं, बासरी झाली, ट्रम्पेटनं तर नको तितका भाव खाल्ला.

"आटप की रे बाबा!" आजोबा पुटपुटले.

"तर मुलांनो, आता वेळ संपला," संचालक म्हणाले.

"अहो, माझे आजोबा राहिले ना!" नात ओरडली.

सभागृह हसलं. संचालकांनी छडी मागे वळवली. आजोबा झांजा उचलून उभे राहिले.

"कान झाका रे पोरांनो, तीस वर्षं दम धरून बसलोय!"